स्मार्टवॉच रोजच्या वापरात खरंच कामाचं आहे का? नव्याने घेणाऱ्यांसाठी, पायरीपायरीने

"स्मार्टवॉच घेऊ का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "घेऊन करणार काय?" उत्तरं साधारण तीन येतात. एक, "हल्ली सगळ्यांच्याच हातात दिसतं." दोन, "तब्येतीकडे लक्ष राहील." आणि तीन, "फोन सारखा बाहेर काढावा लागतो, त्याचा वैताग आलाय." पहिल्याला माझं उत्तर 'नको', तिसऱ्याला 'घे'. दुसऱ्याला जरा समोर बसवून समजवावं लागतं. घड्याळ आकडे देतं. त्या आकड्यांचं करायचं काय, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डब्यावर छापलेल्या पन्नास सोयींपैकी चार-पाच चालू ठेवून बाकीच्या बंद केल्या तर स्मार्टवॉच चांगलं काम देतं. जसं आलं तसंच वापरलं तर कटकट वाढते आणि दोन-तीन महिन्यांत ते ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. खालच्या पायऱ्यांमध्ये म्हणूनच काय चालू करायचं यापेक्षा काय बंद करायचं याबद्दल जास्त लिहिलंय.

पायरी १: आठवडाभर स्वतःच्या फोनवर नजर ठेवा

मॉडेलं शोधायला लागण्याआधी आठवडाभर थांबा आणि फोन खिशातून नेमका कशासाठी बाहेर येतो ते बघा. अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' या नावाखाली हा हिशोब आपोआप ठेवलेला असतो. दिवसात फोन कितीदा हातात घेतला, कुठल्या ॲपने किती नोटिफिकेशन पाठवल्या, सगळं तिथे दिसतं. आकडा बघून बहुतेकांचे डोळे विस्फारतात. पण आपल्याला आकड्याइतकंच त्यामागचं कारण हवंय.

फोन काढायची कामं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काही नुसत्या नजरेची: किती वाजले, कुणाचा फोन वाजतोय, पुढची मीटिंग कधी आहे, टायमरची किती मिनिटं उरली. काही बोटांची: मेसेजला सविस्तर उत्तर देणं, फोटो चाळणं, काही वाचणं, फॉर्म भरणं. नजरेची कामं घड्याळावर फोनपेक्षा झटपट होतात. बोटांची कामं घड्याळावर करायला गेलात तर चिडचिडच होणार. कीबोर्ड असतो तिथेही, पण त्यावर 'हो', 'येतो' आणि 'नंतर बोलू' याच्यापुढे कुणी फारसं जात नाही.

तुमचा फोन बहुतांशी नजरेच्या कामांसाठी निघत असेल तर पुढची पायरी वाचा. बोटांच्या कामांसाठी निघत असेल तर घड्याळ घेऊनही तो तितक्याच वेळा निघणार आहे.

काही जणांसाठी मात्र हा हिशोब मांडायचीही गरज नाही. ज्यांचा फोन दिवसभर बॅगेत असतो आणि महत्त्वाचे कॉल हुकतात, ते. ज्यांना ऐकू कमी येतं आणि गजराचा आवाज कामाचा नाही, ते. मनगटावरच्या कंपनाने जाग येते आणि शेजारी झोपलेल्याची झोपमोडही होत नाही. ज्यांना दिवसातून तीन-चार वेळा औषधं घ्यायची असतात, ते. आणि एकटे राहणारे वयस्कर लोक, ज्यांच्यासाठी पडल्यावर आपोआप मदतीचा कॉल लावणारी सोय मोलाची ठरू शकते. या चौघांना मी डोळे झाकून घ्या म्हणतो.

पायरी २: कुठल्या जातीचं हवं ते ठरवा

'स्मार्टवॉच' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे फिटनेस बँड. अरुंद पडदा, पावलं, हृदयाचे ठोके, झोप, नोटिफिकेशन, आणि एका चार्जिंगमध्ये आठवडा-दीड आठवडा सहज. पुढचा प्रकार दिसायला मोठ्या घड्याळासारखा, आतून बँडच. पडदा मोठा आणि रंगीत, ब्लूटूथवरून बोलता येतं, पण बाहेरची ॲप जवळपास चालत नाहीत. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने छोटा संगणक: ॲपलची वॉचओएस किंवा गूगलची वेअर ओएस ही कार्यप्रणाली चालवणारी घड्याळं. नकाशे, ॲप, मेसेजला उत्तर, काही मॉडेलमध्ये स्वतंत्र ई-सिम (फोनशिवाय कॉल लावू देणारं, आतच बसवलेलं सिम). यांची बॅटरी साधारण एक ते तीन दिवस. ॲपलने तर आपल्या बहुतेक घड्याळांसाठी वर्षानुवर्षं १८ तास हाच आकडा सांगितला. चौथा प्रकार खेळाडूंचा. धावणं, पोहणं, सायकल, डोंगर यांसाठी बनवलेली, गार्मिनसारख्या कंपन्यांची घड्याळं. दिसायला दणकट, बॅटरी लांबलचक, ॲपच्या बाबतीत जेमतेम.

नव्या माणसाने पहिल्यांदा घेताना बँड किंवा दुसऱ्या प्रकारातलं घड्याळ घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. नजरेची जवळजवळ सगळी कामं त्यात होतात. सहा महिने वापरून 'हे कमी पडतंय' असं नेमकं बोट ठेवता आलं, तरच वरचा प्रकार बघावा.

जाता जाता, जुनी एक आठवण. २०१२ साली पेबल नावाच्या घड्याळाने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर लोकांकडून एक कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम उभी केली होती, ॲपलचं घड्याळ बाजारात यायच्या तीन वर्षं आधी. त्याला काळा-पांढरा ई-पेपरसारखा पडदा होता, बटणं होती आणि बॅटरी आठवडाभराच्या आसपास टिकायची. २०१६च्या शेवटी कंपनी बंद पडली. पण मनगटावर नेमकं काय हवं, या प्रश्नाचं पेबलने काढलेलं उत्तर मला आजही बऱ्याच महागड्या मॉडेलांपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

पायरी ३: तुमच्या फोनशी जुळतं का ते आधी तपासा

ही पायरी छोटी आहे, पण गाळलीत तर पैसे पाण्यात. ॲपलचं घड्याळ फक्त आयफोनबरोबर चालतं. अँड्रॉइड फोनला ते जोडताच येत नाही. उलट बाजूने, वेअर ओएसची अलीकडची बहुतेक घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. सॅमसंगने २०२१च्या गॅलक्सी वॉच ४ पासून आयफोनचा रस्ता बंद केला. शिवाय सॅमसंगच्या घड्याळातला ईसीजी (हृदयाच्या विद्युत संकेतांचा आलेख) आणि रक्तदाब वापरायला फोनही सॅमसंगचाच लागतो, हे दुकानात क्वचितच कुणी सांगतं. बँड आणि साधी घड्याळं सहसा दोन्हीकडे चालतात, मात्र आयफोनला जोडल्यावर त्यांच्यावर मेसेज नुसते वाचता येतात, उत्तर देता येईलच असं नाही.

आणखी एक. ईसीजीसारख्या सोयी प्रत्येक देशात वेगळ्या परवानगीने चालू होतात. घड्याळ एका देशात घेऊन दुसऱ्या देशात वापरणार असाल, तर ती सोय तिथे चालते का हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

पायरी ४: डब्यावरची यादी वाचायला शिका

बॅटरीचे दिवस वाचताना त्याच्याखालचं बारीक अक्षरही वाचा. चौदा दिवस लिहिलेले असतात ते पडदा सतत चालू न ठेवता, जीपीएस जेमतेम वापरून आणि कॉल न करता. सतत चालू पडदा, दर मिनिटाला ठोक्यांची मोजणी आणि रोजचा तासभर जीपीएस धरलात तर त्याचे निम्मे झाले तरी आश्चर्य वाटू देऊ नका.

'जीपीएस आहे' याचेही दोन अर्थ निघतात. एकात जीपीएस घड्याळात बसवलेलं असतं, म्हणजे फोन घरी ठेवून धावायला जाता येतं. दुसऱ्यात घड्याळ फोनचं जीपीएस उसनं घेतं, म्हणजे फोन बरोबर न्यावाच लागतो. धावण्यासाठी घेणाऱ्याने हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पाण्याचं प्रकरण तर बहुतेकांना चकवतं. ५ एटीएम (एटीएम हे दाबाचं एकक) म्हणजे ५० मीटर खोल पाण्याचा जेवढा स्थिर दाब असतो तेवढा दाब प्रयोगशाळेत सोसला. ५० मीटर खोल बुडी मारायची परवानगी असा त्याचा अर्थ होत नाही. उथळ पाण्यात पोहायला ५ एटीएम पुरतं. गरम पाण्याची आंघोळ, वाफ आणि साबण मात्र त्यात धरलेले नसतात. वाफ आत शिरते, साबणाने कडेची रबरी सील हळूहळू निकामी होते. पहिल्या वर्षी पाणी रोखणारं घड्याळ तिसऱ्या वर्षीही रोखेल याची खात्री नसते.

यादीतल्या शंभर-दीडशे 'स्पोर्ट्स मोड'कडे दुर्लक्ष करा. त्यातले बहुतेक एकाच मोजणीला दिलेली वेगवेगळी नावं असतात. त्यापेक्षा हातात घालून बघा: वजन किती वाटतं, मनगट मागे वाकवलं की बटण हातात रुततं का, उन्हात पडदा वाचता येतो का. आणि पट्टा. २० किंवा २२ मिलिमीटरचा नेहमीचा पट्टा बसत असेल तर उत्तम, कारण घड्याळाचा पट्टा सगळ्यात आधी जातो आणि कंपनीचाच खास पट्टा वर्षभराने मिळेल याची शाश्वती नाही.

पायरी ५: पहिल्या दिवशी बसवण्यात घाई करू नका

जोडणी झाल्यावर घड्याळ वय, उंची, वजन आणि कुठल्या हातात घालणार ते विचारतं. अंदाजपंचे भरू नका. पावलांचं अंतर आणि कॅलरी याच आकड्यांवरून काढतात. अपडेट आला असेल तर तो आधी होऊ द्या. पिन लावायची सोय असेल तर लावा, विशेषतः घड्याळावरून पैसे देणार असाल तर.

आता घालायचं कसं, हे नीट बघू, कारण चुकीचे आकडे येण्याचं सगळ्यात मोठं कारण सैल पट्टा. घड्याळ उलटं करून बघा. मधोमध हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल आणि त्याच्या शेजारी काळपट काचेचे छोटे चौकोन. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त क्षणभर वाढतं, जास्त प्रकाश शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. ते काळपट चौकोन हा चढउतार टिपतात, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. म्हणजे घड्याळ आणि कातडीच्या मध्ये फट राहिली, बाहेरचा उजेड आत आला, किंवा घड्याळ हलत राहिलं, की मोजणीचा बट्ट्याबोळ.

म्हणून मनगटाच्या हाडावर घालू नका. हाडापासून एक बोट वर, कोपराच्या दिशेने सरकवा. एरवी पट्ट्याखालून करंगळी जेमतेम सरकेल इतपत ठेवा आणि व्यायामाच्या वेळी एक भोक घट्ट करा. अंधाऱ्या खोलीत कडेने हिरवा उजेड सांडताना दिसला तर अजून सैल आहे असं समजा. घालायच्या जागी गडद गोंदण असेल तर दुसऱ्या हातात घाला, कारण शाई प्रकाश अडवते. थंडीत हात गारठले असतील तर पहिली काही मिनिटं आकडा भरकटतो. वजनं उचलताना मूठ आवळून मनगट वाकतं, तेव्हाही तेच. व्यायामाचे ठोके अगदी नेमके हवे असतील तर छातीवरचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून हात कितीही हलवला तरी त्याला फरक पडत नाही.

पायरी ६: नोटिफिकेशन आधी सगळ्या बंद करा, मग एकेक चालू करा

पूर्ण लेखातून एकच पायरी करणार असाल तर ही करा.

नवं घड्याळ जोडलं की फोनवर येणारं जवळपास सगळं मनगटावर येतं. सेलची जाहिरात, कुणाचा तरी वाढदिवस, ग्रुपवरचे सुप्रभात, ॲपने तुमची 'आठवण' काढणं. फोन खिशात असताना यातलं निम्मं तुम्हाला कळतही नव्हतं. मनगटावरचं कंपन मात्र दुर्लक्षून चालत नाही, कातडीलाच गुदगुल्या होतात.

त्यात एक सामाजिक अडचण आहे, ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. समोर कुणी मन लावून काही सांगतंय आणि तुमचं मनगट थरथरलं. तुम्ही नुसती मान खाली घालून एक नजर टाकता, अर्धा सेकंद. समोरच्याला काय दिसतं? तुम्ही घड्याळ बघितलं. बोलणाऱ्यासमोर घड्याळ बघणं म्हणजे 'आटपा आता', ही खूण स्मार्टवॉचच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे, आणि तुम्ही फक्त कुणाचा मेसेज आलाय ते बघत होता हे त्याला कळायला मार्ग नसतो. वाक्य अर्धवट सोडून तो म्हणतो, "तुम्हाला घाई आहे का?" मग आपण "नाही नाही, बोला ना" करत बसतो. पण बोलण्याचा सूर गेलेला असतो.

तर घड्याळाच्या ॲपमध्ये जाऊन सगळ्या नोटिफिकेशन बंद करा. नंतर फक्त एवढ्या चालू करा: फोन कॉल, कॅलेंडरची आठवण, गजर आणि टायमर, आणि घरच्या दोन-चार माणसांचे मेसेज. मेसेजच्या ॲपमध्ये ग्रुप म्यूट केले की बहुतेक घड्याळांवरही ते येत नाहीत. मेल बंद. बातम्या बंद. सोशल मीडिया तर नक्कीच बंद. आठवडाभर असं चालू द्या. खरंच काही हुकलं तर तेवढं ॲप चालू करा. हुकतं फार थोडं, बघा तुम्हीच.

ओटीपी घड्याळावर आला की सोयीचं वाटतं, पण शेजारी उभ्या माणसालाही तो तितक्याच सोयीने दिसतो. मजकूर लपवून फक्त सूचना दाखवण्याचा पर्याय असेल तर तो निवडा.

रात्रीसाठी 'व्यत्यय नको' वेळापत्रकाने लावा आणि हात उचलला की पडदा उजळण्याची सोय रात्रीपुरती बंद करा. कुशीवर वळल्यावर अंधारात तोंडावर पडणारा तो उजेड झोपेची वाट लावतो, मग ते घड्याळ झोप कितीही छान मोजो. आणि गाडी चालवताना घड्याळ वाचू नका. ते फोनपेक्षा लहान आहे म्हणून कमी धोक्याचं होत नाही. उलट अक्षर बारीक, म्हणून नजर जास्त वेळ अडकते.

पायरी ७: कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

इथे लोक दोन टोकं गाठतात. काही सगळंच खरं मानतात, काही "खेळणं आहे ते" म्हणून सोडून देतात. प्रत्येक आकड्याची पत वेगळी आहे.

पावलं बऱ्यापैकी बरोबर येतात, पण घड्याळ पाय बघत नाही, हाताचा झोका बघतं. ढकलगाडी किंवा बाबागाडी ढकलत अर्धा तास चाला, हात दांड्यावर स्थिर, आणि पावलं निम्मीही धरली जात नाहीत. बसल्या जागी जोरजोरात टाळ्या वाजवा, थोडी फुकटात मिळतील. दहा हजार पावलांचं उद्दिष्ट बऱ्याच घड्याळांत आधीच भरलेलं असतं. ते कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेलं नाही. १९६५च्या सुमारास यामासा या जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच हा आकडा होता, आणि तो जगभर चिकटला. २०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि ७,५००च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. तेव्हा तुमची सध्याची रोजची सरासरी आठवडाभर बघा आणि त्यात हजार-दीड हजाराची भर घाला. उद्दिष्टाचा आकडा सेटिंग्जमध्ये बदलता येतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

कॅलरीचा आकडा सरळ सोडून द्या. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने मनगटावरची सात उपकरणं ६० जणांवर तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहा उपकरणांनी ५ टक्क्यांच्या आत बरोबर दाखवले. खर्च झालेल्या कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हापासून यंत्रं सुधारली असली, तरी घड्याळाने ४०० कॅलरी दाखवल्या म्हणून ४०० कॅलरींचं जास्तीचं खाणं हा हिशोब कधीच करू नये.

झोपेत दोन भाग आहेत. किती वाजता झोपलात आणि किती वाजता उठलात हे घड्याळाला ठीकठाक कळतं. गाढ झोप, हलकी झोप, स्वप्नांची झोप ही विभागणी मात्र अंदाजाची असते. खरी विभागणी मेंदूच्या लहरी मोजून, डोक्याला तारा लावून करतात. घड्याळ हालचाल आणि ठोके बघून तिचा तर्क लढवतं. सकाळी ताजंतवानं वाटत असताना घड्याळाने झोपेला ५८ गुण दिले म्हणून दिवसभर मरगळलेल्यासारखं वागणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमचं असं होत असेल तर गुण दाखवणं बंद करा, झोपायची वेळ तेवढी बघा.

माझ्या मते सगळ्यात कामाचा आकडा कुणी फारसा बघत नाही: विश्रांतीच्या वेळचे ठोके. बहुतेक मोठ्या माणसांचे ते मिनिटाला ६० ते १००च्या दरम्यान असतात, नियमित व्यायाम करणाऱ्यांचे त्याहून कमी. तुमचे ६४ आणि दुसऱ्याचे ७२, ही तुलना निरर्थक आहे. पण तुमचे स्वतःचे दोन महिने ६४च्या आसपास असताना अचानक दोन-तीन दिवस ७२ दिसायला लागले, तर काहीतरी चाललंय. झोप अपुरी, ताप येऊ घातलाय, दारू जास्त झाली, ताण आहे. असं दिसलं की मी त्या दिवशीचा जोराचा व्यायाम टाळायला सांगतो.

'स्ट्रेस', 'रेडिनेस', 'बॉडी बॅटरी' वगैरे गुण प्रत्येक कंपनी आपापल्या सूत्राने काढते. दोन कंपन्यांचे गुण एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. व्यायामासाठी एकच हिशोब ठेवायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा ठेवा: मोठ्या माणसांनी आठवड्याला मध्यम जोराचा १५० ते ३०० मिनिटं व्यायाम. मध्यम जोर ओळखायला घड्याळ लागत नाही. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम लागला की झाला मध्यम.

पायरी ८: डॉक्टरची कामं घड्याळाला सांगू नका

ईसीजी असलेल्या घड्याळात दुसऱ्या हाताचं बोट बटणावर साधारण ३० सेकंद टेकवून एका वाटेचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा, ईसीजी निघतो. हृदयाची लय अनियमित झालीये का, त्यातही एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) आहे का, एवढंच त्यातून कळतं. हृदयविकाराचा झटका त्यात दिसत नाही, आणि ॲपलने ते स्वतःच स्पष्ट लिहिलंय. छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय आणि घड्याळ 'सामान्य' म्हणतंय, तर घड्याळ काढून ठेवा आणि रुग्णालय गाठा.

पण ही सोय निव्वळ दिखाऊही नाही. ॲपल आणि स्टॅनफर्ड यांनी चार लाखांहून जास्त लोकांवर अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनियमित नाडीची सूचना जेमतेम अर्धा टक्का लोकांना मिळाली. सूचना मिळाल्यावर ज्यांनी छातीवर ईसीजी नोंदवणारा पॅच (चिकटपट्टी) लावून पुढे तपासून घेतलं, त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांच्या पॅचवर एट्रियल फिब्रिलेशन दिसलं. ही लय येते-जाते, त्यामुळे पॅचवर न दिसणं म्हणजे सूचना खोटी असंही नाही. थोडक्यात, सूचना आली तर घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरला दाखवा. नाही आली म्हणून सगळं आलबेल आहे असंही धरू नका.

रक्तदाब दाखवणाऱ्या सॅमसंगच्या घड्याळाला दर चार आठवड्यांनी दंडावरच्या पट्ट्याच्या यंत्राबरोबर जुळवून घ्यावं लागतं; म्हणजे यंत्र घरी हवंच. कुठल्याही जुळवणीशिवाय, दाबलं की रक्तदाब दाखवणारं स्वस्त घड्याळ दिसलं तर त्या आकड्यावर गोळीचा डोस ठरवणं जिवाशी खेळ आहे.

रक्तातल्या साखरेचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) लोकांना जाहीर इशारा दिला, की कातडीला न टोचता साखर मोजतो म्हणणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. दंडाला चिकटवायच्या, कातडीखाली बारीक तार जाणाऱ्या सेन्सरची गोष्ट वेगळी. त्याचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, पण मोजतो तो सेन्सर. मधुमेह असलेल्या घरच्यांसाठी कुणी असलं 'साखर मोजणारं' घड्याळ भेट म्हणून आणणार असेल तर त्याला आत्ताच थांबवा.

पेसमेकर असलेल्यांनी घड्याळ आणि त्याचा चुंबकाचा चार्जर वापरण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारावं. पडल्याचं ओळखणारी सोय वयस्करांना देताना तीन गोष्टी करा: ती चालू आहे का ते बघा, आणीबाणीच्या संपर्कात नाव-नंबर भरा, आणि घड्याळाला फोन जवळ लागतो की स्वतःचं सिम आहे ते त्यांना सांगा. फोन बैठकीत चार्जिंगला आणि माणूस बागेत, असं असेल तर कॉल लागायचाच नाही.

पायरी ९: तुमची माहिती कुठे जाते

जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपची गोष्ट गाजली होती. लोक कुठे धावतात याचा जगाचा नकाशा त्यांनी नावं न देता प्रसिद्ध केला. ओसाड वाळवंटात चमकणाऱ्या रेघा दिसल्या, आणि त्यातून लष्करी तळांवर सैनिक कुठून कुठे धावतात तेच उघडं पडलं. तुमच्या बाबतीत प्रश्न घरच्या पत्त्याचा आहे. रोज धावायला जिथून सुरुवात होते ते तुमचं दार. ॲपमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा लपवायची सोय असते, ती चालू करा, आणि व्यायामाच्या नोंदी 'फक्त मला' वर ठेवा.

अगदी स्वस्त घड्याळाचं ॲप कधीकधी कॉन्टॅक्ट, एसएमएस, लोकेशन सगळ्याचीच परवानगी मागतं. कॉलवर नाव दिसायला कॉन्टॅक्ट लागतात हे खरं. पण कॅमेरा आणि फोटो मागत असेल तर नकार द्या आणि बघा. घड्याळ बहुधा तसंच चालतं.

पायरी १०: महिन्याने तीन दिवस काढून ठेवा

रोजच्या देखभालीत फार काही नाही. घामानंतर पट्टा साध्या पाण्याने धुवा, कोरडा करा, मगच घाला. मनगटावर येणारं पुरळ बरेचदा पट्ट्याखाली अडकलेल्या घाम-साबणामुळे येतं. रात्री झोपताना किंवा आंघोळीच्या वेळी, रोज एकाच वेळी चार्जिंगला लावायची सवय लावा. झोप मोजायची असेल तर आंघोळीची वेळ बरी.

महिना झाला की ते सलग तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवा आणि कशाची आठवण येते ते बघा. पहिल्या दिवशी रिकाम्या मनगटाकडे हात जाईल, ते सोडून द्या. तिसऱ्या दिवशी 'कॉल हुकला', 'टायमर लावायला फोन शोधावा लागला', 'चालायला उठवणारं कुणी नव्हतं' असं काही नेमकं सांगता आलं, तर घड्याळ ठेवा आणि तेवढ्याच सोयी चालू ठेवून बाकीच्या बंद करा. उलट तीन दिवस शांततेत गेले, तर साधं काट्यांचं घड्याळ तुम्हाला जास्त शोभेल.

कुणाला देऊन टाकणार असाल तर आधी ते तुमच्या फोनमधून अनपेअर करा (जोडणी तोडा) आणि मगच रीसेट करा. ॲपलच्या घड्याळात हे राहिलं तर ते तुमच्या खात्याशी बांधलेलंच राहतं आणि नव्या माणसाला चालूच करता येत नाही. आणि नुसतं ठेवून द्यायचं असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून, बंद करून ठेवा. पूर्ण उतरलेल्या बॅटरीने ड्रॉवरमध्ये पडून राहिलेलं घड्याळ वर्षभराने चार्जिंग धरेलच असं नाही.